ताईची मुंगी घराबाहेर पडते

माझी ताई कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि तिने स्वतःच्या हाताने एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली आहे, असं मी माझ्या चष्म्याच्या दुकानात सांगतो तेव्हा गिऱ्हाइकं चष्मा पुसत ‘हो का?’ म्हणतात. त्यांना तरी काय बोल लावायचा? मलाही पहिली काही वर्षं एवढंच कळलं होतं की ती चालली की ताई खूश असते, आणि बंद पडली की घरात कोणी मोठ्याने खोकायचं नाही.

त्या सिस्टिमचं नाव मुंगी. कॉम्प्युटरच्या आत कुठला प्रोग्राम कधी चालणार, कोणाला किती जागा मिळणार, हे ठरवणारी कारभारीण. बाजारातल्या सिस्टिमी अवाढव्य असतात. मुंगी मात्र एवढीशी, विद्यार्थ्याने एका सत्रात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी आणि आत काय चालतं ते समजून घ्यावं इतकी. बारा-एक वर्षं ताई एकटी तिच्यामागे आहे. लग्न केलं नाही म्हणून कोणी हळहळलं, की ती म्हणायची, ‘‘वेळ कुठंय? मुंगी अजून अंगावर पितेय.’’ दुसऱ्या कोणी मुंगीत हात घालायचा नाही, हा कडक नियम होता.

मग कॉलेजात नवी मशिनं आली. प्रत्येकात चार प्रोसेसर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार मेंदू, आणि सगळी एकमेकांना नेटवर्कने जोडलेली. मुंगीला एकाच प्रोसेसरची सवय, आणि बाहेर जग आहे हे तिच्या गावीही नव्हतं. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं, ‘‘नव्या सत्राआधी ही चारही प्रोसेसरवर चालवून दाखवा, शेजारच्या मशीनशी बोलवून दाखवा. नाहीतर आपण तयार सिस्टिमवर शिकवू आणि तुम्ही परीक्षा विभाग सांभाळा.’’ म्हणजे मुंगी कपाटात आणि ताई उरलेली नोकरी मार्कांच्या बेरजा तपासत.

आता त्या कॉलेजात नेटवर्क शिकवतं कोण? माझी बायको.

आमच्याकडे नणंद-भावजयीचं आठ वर्षांत एकदाही भांडण झालेलं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ताई वरच्या मजल्यावरून खाली आली की बायको उठून ‘‘बसा ना ताई’’ म्हणायची. ताई ‘‘राहू दे गं, तुझं चालू दे’’ म्हणायची. मग दोघीही उभ्या, आणि मधे मी पेपर वाचल्याचं सोंग करत बसलेला.

पण अडल्यावर माणूस काय करणार? ताईने नियम मोडला. बाहेरचे निरोप घेणाऱ्या नेटवर्क कार्डाचा भाग बायकोने लिहायचा, चार प्रोसेसरांचा ताईने, अशी वाटणी झाली. एका सकाळी शेजारच्या मशीनने ‘आहेस का?’ विचारलं आणि मुंगीने ‘आहे’ म्हणून उत्तर धाडलं. ताईने मला दुकानात फोन केला, ‘‘बोलली रे!’’ एका काकांच्या नाकावर अर्धवट बसवलेली फ्रेम तशीच सोडून मी नाचलो. काका बिचारे चाचपडत राहिले.

हत्ती गेला, शेपूट राहिलं. चारही प्रोसेसर आणि नेटवर्क एकदम चालवलं की मुंगी मधूनच गोठायची. घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला ताईने आत एक ओळ घातली, पडद्यावर ‘इथपर्यंत आले’ छापणारी. ओळ घातल्यावर मुंगी दिवसभर सुरळीत. काढली की पहिले पाढे पंचावन्न.

विभागप्रमुख दुसऱ्या दिवशी येणार होते. मी दुपारी जेवणाचा डबा घेऊन लॅबमध्ये पोचलो तर तिथे हाच वाद.

‘‘ताई, राहू द्या ना ती ओळ,’’ बायको म्हणत होती. ‘‘सुंठीवाचून खोकला गेला.’’

‘‘गेला नाही गं, लपलाय. पोरं ही ओळ वाचणार. ही कशाला म्हणून विचारतील. काय सांगू? अशीच पद्धत आहे म्हणून?’’

आणि तिने ती पुसून टाकली. ताईने खुर्ची बायकोच्या खुर्चीला लावली.

‘‘बाहेरून निरोप आला की तू आधी काय धरतेस?’’

बायकोने मला समजेल अशा बेताने सांगितलं. दोन प्रोसेसरांनी एकच वस्तू एकदम ओढू नये म्हणून प्रत्येक वस्तूला कडी असते. एकाने कडी लावली की बाकीचे बाहेर थांबतात. ‘‘मी आधी कार्डाची कडी लावते, मग प्रोग्रामांच्या रांगेची. निरोप घ्यायचा, मग ज्याचा असेल त्याला उठवायचं.’’

‘‘मी आधी रांग,’’ ताई हळूच म्हणाली, ‘‘मग कार्ड.’’

एक जण कार्ड धरून रांगेसाठी खोळंबलेली, दुसरी रांग धरून कार्डासाठी. हातातलं कोणीच सोडत नव्हतं. छापण्याच्या ओळीने एकीला जरा उशीर व्हायचा, एवढ्यानेच टक्कर टळत होती.

‘‘मग चूक कोणाची?’’ मी विचारलं.

‘‘कोणाचीच नाही!’’ दोघी एकदम माझ्या अंगावर आल्या.

‘‘माझ्या भागात कड्या लावायच्या तीन-चारच जागा आहेत, ताई,’’ बायको म्हणाली. ‘‘मी बदलते.’’ ताईच्या बाजूने बदलायचं तर पानोपानी उकलावं लागणार होतं.

ताईने मान हलवली. ‘‘नको. निरोप कधी येईल ते आपल्या हातात नाही. आला की तुला आधी कार्डच धरावं लागणार. बाहेरून आलेल्याला दारात ताटकळत ठेवता येत नाही. सरकायचं ते घरातल्यांनी.’’ मग बायकोकडे बघत म्हणाली, ‘‘हे मला आठ वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.’’

बायकोने डोळे टिपले आणि म्हणाली, ‘‘मी वाचते, तुम्ही बदला.’’ संध्याकाळपर्यंत दोघी उठल्या नाहीत. डबा मी एकट्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मुंगी चार प्रोसेसरांवर चालली, खोलीतल्या सगळ्या मशिनांशी बोलली आणि एकदाही अडली नाही. मुंगी शिकवायची, असं ठरलं. जाताजाता विभागप्रमुखांनी टोमणा मारलाच, असं बायकोने घरी येऊन रागारागाने सांगितलं, ‘‘म्हणे, एवढी मोठी चूक बारा वर्षं तुमच्या लक्षात कशी आली नाही?’’

‘‘मग ताई काय म्हणाली?’’

‘‘म्हणाल्या, चूक नव्हती सर. एकटी होती तोवर ते बरोबरच होतं.’’