कारळ्याच्या चटणीतला गूळ

जिनपालनं आपल्या चटणीच्या दुकानाचा इंटरनेटवर, ऑर्कुटवर गट काढला तो २००६ साली, आणि आठ दिवसांतच त्याला पश्चात्ताप झाला. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, पुडा घेतं, जातं. इथं माणसं जायचं नावच घेईनात. कुणी दुबईहून विचारी, बरणी विमानात फुटली तर काय. कुणी पुण्यात बसून, मागच्या खेपेला तिखट कमी होतं म्हणून चार ओळी सुनावी. जिनपालचं डोकं फिरायचं आणि तो त्यांना उलट आठ ओळी सुनावायचा. शेवटी त्यानं मावसबहिणीला, पद्मावतीला, गळ घातली.

"आक्का, तुला माणसं सांभाळायची सवय हाय. दुपारी दोन तास दुकानात ये, कॉम्प्युटरवर बस. नुसतं गोड बोल त्यांच्यासंगं."

पद्मावती पन्नाशीची, मॅट्रिक झालेली. पण महिनाभरात ती एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकली. भांडायला आलेल्याला ती आधी 'जेवलात का?' असं विचारी. आता जेवलात का विचारणाऱ्या बाईशी माणूस भांडणार तरी किती? वर्षभरात गटात चारशे माणसं जमली आणि ही सगळी आपलीच अक्कल, असं जिनपाल बाजारभर सांगत सुटला.

प्रत्येक उत्तराखाली ती 'आक्का' लिहायची, ते मात्र उगीच नव्हे. घरात दीर-जावा तिला आक्का म्हणत, म्हणून पोटची मुलगीही आक्काच म्हणायची. ती आदिती सहा वर्षांपूर्वी जातीबाहेरच्या मुलाबरोबर निघून गेली होती. तिच्या अण्णांनी, म्हणजे पद्मावतीच्या नवऱ्यानं अभिनंदननं, त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढू दिलं नाही. अमेरिकेत आहे, एवढंच कुणाकडून तरी कळलं होतं. पत्ता नाही, फोन नाही. पद्मावतीला वाटे, कोल्हापूरची पोर आहे, कधीतरी चटणी आठवेल, शोधत इथवर येईल आणि खाली आक्का वाचेल. जीव नुसता तुटायचा तिचा. त्यापायी ती दोन तासांचे चार तास बसायची.

पुढच्या आषाढात एक प्रश्न आला. नाव नव्हतं, नुसतं 'कोल्हापूरची पोर', फोटोच्या जागी रंकाळा, आणि ठिकाण न्यू जर्सी. 'आक्का, चातुर्मास लागला. लसणाशिवाय कारळ्याची चटणी करायची तर हिंगाबरोबर गूळ किती घालायचा?'

गूळ! पद्मावतीच्या जैन घरात एरवी लसूण चाले, चातुर्मासात तो बंद व्हायचा आणि मग चटणीत गूळ पडायचा. ही चव जगात फक्त आपल्या घरची, असं सासूबाई मरेपर्यंत सांगत. कृती शेजारणीला कळू देत नसत. ही आदितीच, पद्मावतीनं ठरवून टाकलं. ते पान चारशे माणसं वाचतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. 'ही पेठ हाय आक्का, घर न्हवं,' असं जिनपालनं बजावलंही होतं. तिनं फिकीर केली नाही.

'सुपारीएवढा घाल, आदिती. कारळे मंद भाज, तुझी घाई नडते. तुझी निळी ओढणी दर दिवाळीला धुऊन ठेवते. अण्णा बोलत नाहीत, पण पंगतीत तुझ्या पाटावर कुणाला बसू देत नाहीत. पत्ता कळव. मी रागावले नाही गं. आक्का.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आक्का, मी आदिती नाही हो. मी अक्षता, जयसिंगपूरची. आमच्या गल्लीत सगळेच गूळ घालतात. माफ करा. इथं कुणी आदिती भेटली तर नक्की सांगेन.'

पद्मावतीनं ते दोनदा वाचलं. मग तिनं लिहिलं, 'जेवलीस का?'

"पुसून टाक ते," जिनपाल म्हणाला. "गावभर झालंय. दाजींच्या कानावर गेलं तर?"

"राहू दे. तिच्या नजरंला पडलं तर?"

दाजींच्या कानावर गेलंच. पुतण्यानं सायबर कॅफेत वाचून घरात सांगितलं. अभिनंदन चार दिवस खाली मान घालून जेवला. आता वादळ येणार, म्हणून पद्मावती जीव मुठीत धरून होती.

पाचव्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. वर्षभरात त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. जिनपाल घाबरून उठून उभा राहिला. अभिनंदन त्याच्याकडे न बघता तिच्या खुर्चीमागं गेला, चष्मा चढवला.

"कुठलं ते?"

तिनं दाखवलं. त्यानं पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचलं. पाटापाशी बोट थांबलं.

"पाटाचं कशाला लिवलंस?"

त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आलं का काय उत्तर?"

"तिचं न्हाय."

अभिनंदननं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला.

"बघ की परत एकदा."