दिघीचा उतार आणि सहा मार्गदर्शक

रविवारी दिघीच्या वरच्या डोंगरात सायकली घेऊन गेलो होतो. आमच्या माणगावच्या ग्रुपमधले सहा पुरुष आणि मी एकटी बाई... खरं सांगते, पावसापेक्षा सल्ल्यांनीच जास्त भिजले.

वाट जांभ्या दगडाची, वर शेवाळ, मध्येच घोटाभर चिखल. घसरत सगळेच होते. पण पुरुष घसरला की "टायरला ग्रिपच नाही राव", आणि मी घसरले की लगेच क्लास सुरू!

"मॅडम, गिअर हलका करा." "वहिनी, पुढचा ब्रेक नका दाबू." एकाने तर चालत्या सायकलवरून माझी सीट कशी चुकीची आहे ते सांगितलं... आणि सांगता सांगता स्वतःच करवंदाच्या जाळीत घुसला. बाहेर आल्यावर तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून!

सगळ्यांत कहर संदीपचा. माझा कॉलेजमधला मित्र, ग्रुपही त्यानेच जमवलेला. "माझ्या मागेच राहा", "उतारावर घाई नको गं"... सारखं आपलं तेच. अरे, मी काय काल सायकल शिकले का? पण दातओठ खाऊन पेडल मारत राहिले.

शेवटचा उतार काजूच्या बागेतून खाडीकडे जातो. मध्ये एक आंधळं वळण, कडेला खोल घळ. बाकीचे एकेक करून खाली दिसेनासे झाले आणि आरोळ्या यायला लागल्या, "बोट लागलीय, चला लवकर!" आमचा टेम्पो पलीकडे आगरदांड्याला थांबला होता.

संदीप वळणाच्या अलीकडेच उभा. मी मागून ओरडले, "अरे, सरक ना बाजूला!" जवळ जाऊन बघते तर दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरलेले, चेहरा पांढराफटक...

"गेल्या पावसाळ्यात इथेच पडलो होतो," तो हळूच म्हणाला. "झाडाला अडकलो म्हणून वाचलो. घरीसुद्धा बोललो नाही... तू जा पुढे."

आता या माणसावर चिडायचं तरी कसं? "उतर," म्हटलं. त्याला आतल्या अंगाला घेतलं आणि मी घळीच्या बाजूने चालायला लागले. एकदा त्याचा पाय सटकला, तेव्हा मी माझी सायकल सोडून त्याचा दंड धरला. सायकल आपटली, आम्ही दोघं उभे राहिलो.

जेट्टीवर पोचलो तर बोट सुटलेली. पाच वैतागलेले चेहरे. "काय झालं एवढा वेळ?" संदीप तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "माझी चेन पडली."

झालं! पुढच्या बोटीची वाट बघताना चेनवर व्याख्यान. तेल कुठलं, गिअर कधी टाकायचा... ग्रुपमधल्या बाळूभाऊंनी तर माझी सायकल उलटी करून चाक फिरवून दाखवलं. मी खाडीकडे बघत धुमसत बसले. ओढवून घेतलेलं, सांगणार कुणाला?

"बस करा रे," संदीप एकदम म्हणाला. "तिची चेन पडली नव्हती. मी घाबरलो होतो. तिने मला धरून खाली आणलं."

बाळूभाऊंनी सायकल सरळ केली, चिखलाचे हात पँटला पुसले. "मी पन त्या वळनावर चालतच उतरलो," ते म्हणाले. "कोन बघत न्हाय, ते बघून."

मग आणखी एक जण खाकरला. "मी पण..."

बोटीत कुणी काही शिकवलं नाही. संदीप कसा पडला होता ते सांगत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो.

वैताग पुरता गेलाय असं नाही, खोटं कशाला बोलू... पण सगळ्यांसमोर स्वतःची भीती कबूल करून मला त्या व्याख्यानातून सोडवणारा मित्र आपल्याला आहे, याचं फार बरं वाटलं.