समुद्राकडं पाठ करून बसलेली सरू

तर रावजी बायकोचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन गोठ्यात शिरला, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. तुम्ही हसत सुटलात आणि पुढचं राहूनच गेलं. पण त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. निदान माझ्या बहिणीला, सरूबाईला, तरी नव्हतं. ती त्या वेळी सणसरच्या गोठ्यापासून अडीचशे किलोमीटरवर, दिवेआगरच्या वाळूत, समुद्राकडं पाठ करून बसली होती.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. सरू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी. आम्ही सांगवीचे. सतराव्या वर्षी तिला सणसरला रावजीच्या घरी दिली. तिथं ऊस, थोडा भाजीपाला आणि दावणीला म्हशी. म्हशी तिच्या वाट्याला आल्या त्या कायमच्याच. भाऊबिजेला यायची ती दुपारच्या एसटीनं. करंजी हातात, एक पाय चपलेत.

"बस की गं जरा," माझी बायको म्हणायची.

"बसले असते वयनी, पर धारंची येळ हुईल."

एकदा तर मला ओवाळता ओवाळता तिला दारातनं सणसरकडं निघालेला ट्रॅक्टर दिसला. तबक माझ्याच हातात दिलं आणि पळाली. मी अर्धाच ओवाळलेला. ते वर्ष मला उलट बरं गेलं, ही गोष्ट वेगळी. सांगायचं काय, तर बाळंतपणं सोडली तर पन्नास वर्षांत ही बाई एक रात्र घराबाहेर झोपली नव्हती.

तिचा मुलगा अविराज सणसरहूनच रोज बारामतीला कंपनीत जातो. त्याची बायको सोनल, आणि त्यांची आठ महिन्यांची छकुली. अविनं यंदा ठरवलंच, की पोरीला समुद्र दाखवायचा आणि आईलाही दाखवायचा. मामा म्हणून मलाही चला म्हणाला. मी तर तो विचारायच्या आधीच पिशवी भरून ठेवली होती!

अडचण होती चांदीची. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. तिचं रेडकू पाचव्या दिवशीच गेलं. आता रेडकू तोंड लावायला नाही म्हटल्यावर म्हैस पान्हा कशाला सोडते? पण सरू तिच्याजवळ तासतासभर बसायची, मानेवरनं हात फिरवायची. शेवटी चांदी सरूला पान्हा सोडायला लागली, आणि फक्त सरूलाच. दुसरं कुणी कासेला हात लावला की लाथ.

तेव्हा सरूनं तोड काढली. आपलं अंगावरचं लुगडं रावजीला नेसवलं. आठ दिवस आधी गोठ्यात चाचणी झाली. रावजी लाजत लाजत बसला, चांदीनं हुंगलं, आणि बादलीभर दूध दिलं. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. म्हटलं, "दाजी, नाकात नथ पायजे व्हती." तो म्हणाला, "तुमी आदी हितनं हला, न्हायतर म्हस हसंल."

असं सगळं जमवून आम्ही निघालो. गाडीत छकुली मांडीवर, आणि सरू दर घाटाला विचारतेय, "किती वाजलं?"

दिवेआगरला पोफळीच्या वाडीतलं घर घेतलं होतं. समुद्र पाहिल्यावर मी लेकरासारखा पळालो. छकुलीनं वाळूची मूठ तोंडात घातली, लाट आली की टाळ्या पिटायची. सरूला सोनलनं फोटोसाठी नवी कडक साडी नेसवलेली, केसाला शाम्पू लावलेला. ती उभी राहिली खरी, पण डोळे मोबाईलवर. मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी यायची, वाळूवर उपड्या घातलेल्या होडीपाशी. तेव्हा सरूनं होडीलाच पाठ टेकली आणि सूर्य बुडाला तरी तिकडं बघितलं नाही.

साडेसहाला फोन लागला. रावजी ओरडतच होता, "पान्हा सोडंना! लाथ घातली, बादली पार दावणीत गेली."

"लुगडं नेसला का?"

"नेसलोय की! पदर बी घेतलाय. तिनं हुंगलं आन् नाक फेंदारलं. लुगड्याला फुलावाणी वास मारतोय."

सरूनं सोनलकडं बघितलं. सोनलचा चेहरा पडला. "आई, मी काल मशीनला लावलं होतं ते. तात्यांना नेसायला मळकं लुगडं कसं द्यायचं, म्हणून वासाचं ते निळं पाणी पण घातलं. घरातली सगळीच लुगडी धुतली मी."

मला वाटलं, आता सरू फाडून खाणार. पण ती एवढंच म्हणाली, "तुझं काय चुकलं? चांगल्या मनानं केलंस." आणि होडीभोवती फिरायला लागली. दोन फेऱ्या, चार फेऱ्या, दहा. वाळूत तिच्या पावलांची चाकोरी पडली.

सकाळी उठून बघतो तर ही बाई ओट्यावर. पायात चपला, मांडीवर पिशवी. पहाटे पुन्हा फोन झाला होता. सकाळची धारही गेली. कास दगडासारखी झालेली. रावजीनं सांगितलं होतं, आठला गुरांचा डॉक्टर येतोय, सुई मारतो म्हणाला. सुई मारली की दूध उतरतं, त्यात शंका नाही. पण एकदा सवय लागली की म्हैस सुईशिवाय दूध देत नाही, ही सरूची भीती. "रेडकू गेलेली म्हस हाय ती. तिला दोन टाइम टोचत ऱ्हायाचं का? मला न्हाय जमायचं."

"आई, दोन दिवस तरी थांब गं," अवि वैतागला. "सुट्टी कशी मिळवलीय माझं मला म्हाईत."

"तुमी ऱ्हावा की. मला फक्त महाडाची एसटी कुठनं सुटती ते सांग."

"एसटीनं संध्याकाळपर्यंत तरी पोचशील का? सुई तर आठला बसणार."

"मग काय हितं बसून शंख येचू?"

मी मध्ये पडलो. "सरू, अगं एवढा समुद्र—"

"तू गप रं दादा. तुला काय, कुठंबी न्हेऊन सोडलं तरी करमतंय."

हे मात्र खरंच होतं.

सोनल रडवेली झाली. "मी जाते त्यांच्याबरोबर, माझ्यामुळं झालंय." तेवढ्यात आत छकुली उठली. नवी जागा, नवा पाळणा, नुसता आकांत. सोनलनं घेतलं, गप होईना. अविनं घेतलं, गप होईना. सरूनं घेतलं तर पोरगी त्या कडक साडीवर हात आपटत तिला ढकलायलाच लागली. रोज आजीच्या खांद्यावर झोपणारी पोर, पण आजी ओळखू येईना तिला.

सरूनं एका हातानं पिशवी उसकटली. निघायच्या दिवशी पहाटेची धार काढताना अंगावर असलेलं, धुण्यातनं सुटलेलं लुगडं तिनं तसंच गुंडाळून पिशवीत कोंबलं होतं. ते ओढून खांद्यावर टाकलं. शेणाचा, पेंडीचा, घामाचा वास साऱ्या ओट्यावर सुटला. छकुलीनं त्यात नाक खुपसलं, दोन हुंदके दिले आणि गप्प.

सरू जागच्या जागी थांबली. मग म्हणाली, "सोनल, धर हिला." आणि पळत सुटली होडीकडं. सहासष्ट वर्षांची बाई, वाळूत, नव्या साडीचा घोळ हातात धरून! आम्ही मागनं.

"आवं, ऐका," ती फोनमध्ये ओरडली. "हिरीवरच्या कडब्याच्या गंजीला माझी चुंभळ खोचलीय. वैरणीचा भारा आणताना डोक्यावर ठिवते ती, कदी न धुतलेली. ती घ्या, उकला आन् डोक्याला बांधा."

"आन् लुगडं?"

"लुगडं फेका! तुमचं धोतर नेसा. तिला तुमचं सोंग नगं हाय."

"डॉक्टर आलाय, सुई भरतोय."

"त्याला च्या पाजा. बाहीर बसवा. मी फोन ठिवत न्हाय."

रावजी चुंभळ आणायला गेला. सरू फोन कानाला लावून उभी. पाय एका जागी ठरेनात, अंगठ्यानं वाळू उकरत होती. बऱ्याच वेळानं रावजी हळू आवाजात बोलला, "बांधली. हुंगतीया. हे मागं कसलं घुमतंय गं?"

"समुद्र हाय."

"बंद कर त्याला. म्हस बुजंल."

सरूनं खरंच फोनवर हाताची ओंजळ धरली. अवि, सोनल, मी, सगळे फोनकडं वाकलो. सोनलच्या खांद्यावर छकुली झोपलेली. फोनमधनं चांदीचं फुरफुरणं आलं. मग काही नाही. मग रिकाम्या बादलीवर एक बारीक सर्र वाजली. पुन्हा थांबली. सरूनं डोळे मिटले. आणि मग सर्र, सर्र, सर्र, सुरूच झालं. बादली भरत गेली तसा तो आवाज जड होत गेला. तो तिनं शेवटपर्यंत ऐकला. रावजी म्हणाला, "झाली गं मोकळी. डॉक्टर च्या पिऊन चाललाय." तेव्हाच तिनं फोन खाली घेतला.

सोनल तिच्या गळ्यात पडली. अवि म्हणाला, "आता पिशवी आत ठेवू ना?" सरूनं मान डोलावली, पण चेहरा काही खुलला नव्हता. उपड्या होडीवर बसली आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच समुद्राकडं तोंड केलं. भरती चढत होती. हाताच्या बोटांनी पदराशी चाळा करत राहिली.

मला राहवेना. मी छकुलीला माझ्याकडं घेतलं आणि विचारलं, "काय सरू, आता तरी जीव थाऱ्यावर आला का?"

ती म्हणाली, "थाऱ्यावर कसला येतोय दादा? ह्या म्हशींपायी पन्नास वर्सं मी कुठं गेले न्हाय, आन् ही बया एका चुंभळीवर भागवती व्हय! घरी गेल्यावर बघतेच तिच्याकडं. आता तू पोरीला नीट धर, मला पाण्यात जायाचंय, आन् अविला सांग, मी बाहीर येईस्तवर मला कुणी हाक मारायची न्हाय."