आमचे सावधान साडू

जगातले सगळे भामटे एका बाजूला आणि आमचे साडू दुसऱ्या बाजूला उभे केले, तर आधी भामटेच पोलिसांत जातील, 'या माणसाला आवरा' म्हणून! माझ्या मेव्हणीचा हा नौपाड्यातला नवरा निवृत्त झाल्यापासून लोकांना सावध करत सुटला आहे. लग्नात अक्षता टाकून झाल्यावर नवरा-नवरीला म्हणणार, "सुखी राहा, ओटीपी देऊ नका!" दाताच्या डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली तरी यांचं क्रिप्टो मायनिंगवरचं, म्हणजे मशीनवर आभासी नाणी 'खणून' देतो सांगून होणाऱ्या फसवणुकीवरचं व्याख्यान चालूच. "अहो, कुठे मशीन नाही, काही नाही, मोबाइलवर नुसते आकडे वाढतात. आणि आपलेच पैसे काढायला गेलं की म्हणतात, आधी टॅक्स भरा. अरे, माझ्या नफ्यातूनच कापून घ्या की मेल्यांनो!" बोटं सलामत राहावीत म्हणून डॉक्टरांनी घाईघाईने मान डोलावली.

परिणाम एकच झाला. नातेवाइकांनी त्यांचा फोन उचलणंच सोडलं. आणि नेमकं तेव्हाच डोंबिवलीत आमच्या दोघांच्या सासूबाईंनी असल्याच एका मायनिंगच्या ॲपमध्ये साठवणीतले पैसे घातले. ॲपवर नफा नुसता उतू जात होता, पण तो हातात यायला दुपारच्या आत फी भरायची होती. त्यासाठी त्या पाटल्या मोडायला निघाल्या होत्या. पाटल्यांची पावती कुठे आहे, असं त्यांनी सकाळी मेव्हणीला विचारलं आणि गोष्ट फुटली. साडूंनी लगेच फोन लावला, अर्थातच सासूबाईंनी तो उचलला नाही. मग मला स्कूटरवर मागे घालून साडू जे सुटले! शीळफाट्याच्या कोंडीत शेजारच्या ट्रकवाल्यालाही त्यांनी सावध केलं. मी म्हटलं, "तिथे जाऊन भाषण नका करू हां, त्या ऐकायच्या नाहीत." साडूंनी उत्तरादाखल नुसता हॉर्न वाजवला.

सासूबाई पाटल्यांची पिशवी घेऊन दारातच भेटल्या. आता तोफ सुटणार, मी मनाची तयारी केली. साडू चपला काढत म्हणाले, "आई, जेवायला आलोय. सपाटून भूक लागलीय."

एक वेळ देव उपाशी राहील, पण जावई दारातून उपाशी परत जाणं आमच्या सासूबाईंच्या घरात बसत नाही. पिशवी खुंटीला लागली, कुकर चढला. साडूंनी मागून भरली वांगी करवून घेतली, मग भजी, मग "काहीतरी गोड हवं हो" म्हणून शिरा. मधूनमधून त्या ॲपवाल्याचा सासूबाईंना फोन येत होता. "थांब रे बाळा, जावई जेवतायत," त्या सांगत होत्या. शेवटी पलीकडचा असा खेकसला की आम्हाला पाटावर ऐकू आलं, "जावयाला हाकला, आधी पैसे भरा!"

काय सांगू तुम्हाला! साडूंच्या सगळ्या व्याख्यानांनी जे झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं. "माझ्या जावयाला हाकल म्हणतोस? मुडद्या!" हा आवाज खाली रिक्षास्टँडपर्यंत गेला असणार. फोन बंद झाला, पाटल्या पुन्हा हातात चढल्या, आणि मला भरल्या पोटी नाचावंसं वाटलं.

सासूबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या. आधी घातलेले पैसे गेले, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण त्या वेगळंच बोलल्या. "रोज फोन करायचा हो तो. जेवलात का, विचारायचा."

साडूंच्या जिभेवर तेव्हा निदान दहा इशारे असतील, आणि पोटात पाण्यालाही जागा नव्हती. त्यांनी ताट पुढे केलं.

"आई, तुम्हीही बसा ना आमच्याबरोबर," ते म्हणाले. "आणि मला अजून थोडा भात वाढा."