दिवेलागणीची गाडी

आमच्या घरात केर होता, कचरा नव्हता. हा फरक नगरपालिकेच्या कचेरीतल्या लोकांना कधी कळला नाही. चुलीतली राख भांडी घासायला जायची. भाजीची देठं आणि भोपळ्याची सालं शेजारच्या शेळीला. फाटलेलं लुगडं आधी वाकळेत, मग पोतेऱ्यात, आणि पोतेरंही विरलं की चूल पेटवायला. समोरच्या विणकराच्या मागाखालचं तुटकं सूत अव्वा मागून आणायची आणि त्याच्या वाती वळायची. एवढं सगळं जिरल्यावर उरायची ती झाडलेली धूळ, दोन-चार केस आणि शेंगांची टरफलं. जेमतेम दोन ओंजळी. त्या दोन ओंजळींपायी सोलापुरातल्या आमच्या बोळानं जो दंगा केला, त्याची ही हकिगत.

अव्वा म्हणजे माझी आई. आमचं घर लिंगायताचं. वडील नव्या पेठेत कापडाच्या दुकानात गुमास्ते होते. घरात मराठी चालायची, पण अव्वाला राग आला की तो कानडीतून यायचा, आणि तो वरचेवर यायचा. तिचा तो स्वभाव मी पुरेपूर उचलला आहे, असं माझ्या सासरी सगळ्यांचं एकमत होतं.

रोज सकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेला की बोळाच्या तोंडाशी झाडणारी बाई हाक द्यायची, "केर ठिवा वो!" बायका उंबऱ्याबाहेर, पायरीखाली, केराची ढिगली ठेवून मागं सरायच्या. मग ती पत्र्याच्या तुकड्यानं ढिगली उचलून टोपलीत टाकायची. तिला द्यायची भाकरीही तशीच, खाली ठेवून. आमच्यात सोवळंओवळं नाही, असं वडील पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचे. पायरीखालची ती रीत मात्र आमच्या दारातही रोज पाळली जायची. बाई वयानं अव्वाहून मोठी होती, तरी मी, चौथीतली पोर, तिला "अगं" म्हणायची. यात काही वावगं आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

एक दिवस कचेरीची माणसं आली. बोळाच्या तोंडाशी त्यांनी एक नवं कोरं लोखंडी पिंप ठेवलं आणि भिंतीला छापील नोटीस डकवली. बोळात शाळेत जाणारी मुलगी मी एकटी, म्हणून विणकराच्या ओट्यावर उभं राहून मी ती ऐटीत वाचली. दारात केर ठेवायला यापुढं मनाई. प्रत्येकानं आपला केर स्वतः पिंपात टाकावा. गाडी येऊन पिंप रिकामं करील, घंटा वाजवील. दारातला केर उचलताना झाडणारी आढळली तर हजेरीपटावरून तिचं नाव कमी होईल. इथपर्यंत बायका मुकाट्यानं ऐकत होत्या. पिंपात केर कुजून घाण सुटू नये, यासाठी केर गाडीच्या वेळेलाच टाकावा, आणि गाडीची वेळ सायंकाळी दिवेलागणीची, हे वाचलं आणि माझा पुढचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही.

सकाळी गाडी का नाही? तर सकाळी ती बाजारपेठेत आणि साहेब लोकांच्या बंगल्यांकडं जायची. आमची पाळी उरल्यासुरल्या वेळात. गाडीचा ठेका घेतलेल्या माणसानं हे ठरवलं होतं, आणि त्याच्या घरी केर कोण काढतं हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. विचारलं असतं, तर त्याच्या बायकोनंच त्याला सांगितलं असतं. दिवा लावायच्या आधी घर झाडून घ्यायचं. दिवा लागला की लक्ष्मी घरात येते. मग केर काढायचा नाही, काढावाच लागला तर कोपऱ्यात झाकून ठेवायचा, पण उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही, कारण केराबरोबर तीही बाहेर जाते. हे आमच्या बोळातल्या मराठी, कानडी, तेलुगू सगळ्या घरांत सारखं होतं. आता ऐन त्याच वेळेला घंटा वाजणार होती.

त्यात आणखी एक घोटाळा झाला. पिंप आलं आणि दोनच दिवसांनी खंडेनवमी होती. विणकराच्या बायकोनं आपल्या मागाची पूजा केली, आणि बोळात आलेली नवी लोखंडी वस्तू तशीच कशी ठेवायची, म्हणून जाता जाता पिंपालाही हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. चांगल्या मनानं केलं बिचारीनं. पण पूजा झालेल्या वस्तूत केर टाकायला बोळातली एकही बाई धजेना. सवयीनं त्या सकाळी दारातच ढिगल्या ठेवायच्या. झाडणारी येऊन त्यांच्याकडं बघत उभी राहायची. उचलावं तर नाव जाणार, न उचलावं तर बायका बोलणार.

आठ दिवसांनी मुकादम आला. खाकी कोट, सायकल, काखेत हजेरीची वही. पिंपात डोकावला तर आत दोन सुकलेली झेंडूची फुलं. तो आम्हाला काही बोलला नाही, घरंदाज बायकांशी कशाला वाकडं घ्या. सगळा राग त्यानं झाडणारीवर काढला. "ह्या बोळाचं पिंप भरलं न्हाय तर तुजं नाव खोडलं म्हणून समज."

अव्वा बोलली, पण तो गेल्यावर. "साकु!" म्हणजे पुरे झालं. "आपल्या देवापायी तिच्या पोटावर पाय नको." मग पदर खोचून तिनं बोळातल्या बायकांना तोड सांगितली. लक्ष्मी येते ती दिवा लागल्यावर. गाडी येईपर्यंत दिवाच लावला नाही, तर लक्ष्मी अजून वाटेवरच आहे. केर टाकायचा, हातपाय धुवायचे आणि मग दिवा लावायचा. पिंपाचं कुंकू तिनं स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं.

तोड चालली. पिंप भरायला लागलं. पण आपल्याला कुणी जाब विचारत नाही हे गाडीवाल्याच्या लवकरच ध्यानात आलं, आणि गाडी रोज थोडी थोडी उशिरा यायला लागली. सूर्य मावळायचा, शेजारचे बोळ उजळायचे आणि आमचा बोळ काळोखात बसून राहायचा. विणकराचा माग थांबायचा. वडील दुकानातून येऊन उंबऱ्याला ठेचकाळायचे आणि कचेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. कोपऱ्यावर कचेरीचा एक कंदील होता, त्याची काच फुटून दोन पावसाळे झाले होते. काच बदलायला मात्र नोटीस निघाली नाही. माझं गणित अंधारात राहायचं आणि सकाळी शाळेत छड्या मी खायची. मला भयंकर राग यायचा. आमच्या दिव्याची वेळ एका बैलगाडीवाल्यानं ठरवायची म्हणजे काय?

असल्याच एका संध्याकाळी मी तावातावानं बोळाच्या तोंडाशी गेले. झाडणारी पिंपाला टेकून बसली होती. गाडीबरोबर पिंपाभोवतालची जागा झाडायची, हे नव्या नियमानं तिच्यावर आलेलं जास्तीचं काम. मी तिलाच दरडावलं, "कधी येणार गं तुमची गाडी? आमच्या घरात दिवा नाही अजून."

तिनं माझ्याकडं बघितलं. "माज्या बी न्हाय की," ती म्हणाली. "सासू आंदळी हाय, पोरगी लहान. चिमनी पेटवाया भ्या वाटतं तिला. म्या गेल्याबगर माज्या घरात दिवा लागत न्हाय, ताई. महिना झाला."

मी घरी येऊन अव्वाला हे जसंच्या तसं सांगितलं. अव्वा वाती वळत होती. तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "पंधरा वर्षं ही बाई दारात येते. तिच्या घरी दिवा लावायचा असतो, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही." तिचा आवाज ऐकून मला रडू आलं, आणि मी मघाशी कसं दरडावलं होतं ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीची घंटा वाजली तेव्हा, अव्वानं दिवसा घरोघर सांगून ठेवल्याप्रमाणं, एकाही घरातून केर बाहेर पडला नाही. दिवेही लागले नाहीत. बायका आपापल्या पायऱ्यांवर बसून राहिल्या, झाडणारी पिंपाजवळ उभी. गाडीवाला रिकामं पिंप वाजवून निघून गेला आणि थोड्याच वेळात मुकादम सायकल हाणत आला.

"हा काय पोरखेळ लावलाय? केर कुठाय?"

"घरात आहे," अव्वा उंबऱ्यातून म्हणाली. "झाकून ठेवलाय. सकाळी गाडी आणा, सकाळी टाकू."

"मुन्शिपालटी तुमच्या दिव्यावर चालत न्हाय, बाई."

"आमचं राहू द्या. हिच्या घरात लहान पोर अंधारात बसते. हिची वेळ सकाळची होती, ती परत सकाळची करा."

मुकादम हसला आणि झाडणारीकडं वळला. "का गं? तू शिकवलंस व्हय हे?"

मला वाटलं आता ती पाया पडणार. तिनं हातातला खराटा पिंपाला टेकवून ठेवला, सावकाश, पडू नये असा. "शिकीवलं न्हाय," ती म्हणाली. "पर खरं हाय त्ये. सकाळच्याला म्या येते, दोन बोळ जादा झाडते. सांजच्याला येनार न्हाय. नाव खोडायचं तर खोडा."

"खोडतोच!" म्हणून त्यानं वही उघडली. उघडली, पण दिसणार काय? कोपऱ्यावरचा कंदील बंद, बोळात मिट्ट काळोख. "दिवा आणा कुणीतरी," तो म्हणाला. कुणी जागचं हललं नाही. त्यानं काडी ओढली, ती वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली, तिनं बोट भाजलं. विणकराची बायको तोंडात पदर कोंबून हसायला लागली आणि मग सगळा बोळच हसायला लागला. मी तर मोठ्यानं हसले. महिन्याभराच्या छड्या वसूल झाल्या.

"उद्या सकाळी बघतो एकेकाला!" मुकादम सायकलवर बसत ओरडला.

"सकाळीच या," अव्वा म्हणाली. "आम्ही तेच म्हणतोय."

पुढं वडील आणि विणकर अर्ज घेऊन कचेरीत गेले. अर्जाचं अक्षर माझं होतं. पंधरवड्यानं गाडी सकाळची झाली आणि झाडणारीचं नाव खोडलं गेलं नाही. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंय.

मुकादम गेल्यावर झाडणारी घरी निघाली. अव्वा तिला "थांब" म्हणाली आणि आत गेली. बोळातला त्या दिवसाचा पहिला दिवा तिनं लावला, आमचा कंदील. तो बाहेर आणून तिनं रोजच्या सवयीनं पायरीखाली ठेवला आणि एक पाऊल मागं सरली. "घेऊन जा. पोर वाट बघत असेल."

झाडणारी वाकली नाही. कंदिलाच्या उजेडात तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. नाकात बारीक चमकी होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"हातात द्या की, अक्का," ती म्हणाली. "खाली ठिवलेला केर म्या उचलते. दिवा न्हाय उचलायची."

सगळा बोळ बघत होता. अव्वाच्या तोंडून कानडी येईल असं मला वाटलं. मुकादमाला गप्प करणारी माझी आई त्या दोन हात जागेत अडकून उभी राहिली, आणि तिची मला लाज वाटली, आणि भीतीही वाटली. मग ती पायरी उतरली, वाकली आणि कंदील उचलून तिच्या हातात दिला. कडी बारीक होती. एकीची बोटं दुसरीला लागल्याशिवाय ती हातात जाण्यासारखी नव्हतीच.

उजेड बोळाच्या तोंडापर्यंत गेला आणि वळला. मग आमच्याकडचे दिवे लागले.

वडील आले ते सगळं ऐकूनच आले. बोळाच्या तोंडापासून घरापर्यंत सांगणारे चार जण भेटले असतील. अव्वा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. ते दारातच उभे राहिले, तिच्या पिठानं भरलेल्या हातांकडं बघत.

"आंघोळ केलीस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," अव्वा म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "आपल्यात सोवळंओवळं नाही ना?"

वडील बसले नाहीत. भाकरी फुगली. अव्वानं ती परातीत टाकली, आणि कुणी हात पुढं करीना. मी पुढं सरकले, चटका बसत असतानाच तिचा तुकडा मोडला आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर खाल्ला.