खुंटी कुठं ठोकायची

सत्यशीलाला गावात हट्टी म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. सातवी शिकून ती मेंढपाळाच्या घरात सून म्हणून आली. पोरगी पाळण्यात असताना बाहेरून दहावीला बसली. गणितानं एकदा पाडलं, तर दुसऱ्यांदा बसली. आता ती हट्टा गावाजवळच्या त्याच खेड्यात अंगणवाडीची मदतनीस आहे.

मागच्या हिवाळ्यात अंगणवाडीची नवी खोली मंजूर झाली. गावाच्या मधोमध, पांढरीवरच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीवरच्या मोकळ्या जागेत पाया आखायला माणसं आली, तेव्हा तिचे सासरे मसाजी काठी टेकत तिथं गेले.

"हितं बांधू नका. खाली भुयार हाय."

मसाजी पंच्याऐंशीचे. रझाकारांच्या धामधुमीत गावानं बायकालेकरं आणि ज्वारी लपवायला भुयार खणलं होतं. सात वर्षांचे मसाजी टोपल्यानं माती ओढ्यात नेऊन टाकायचे. पुढं तोंड बुजवलं गेलं, माहितगार माणसं गेली. आखणी करणारे हसले. त्यांच्यासोबतच्या तालुक्याच्या साहेबानं विचारलं, "कागद आहे का काही?" चोरून केलेल्या कामाचा कागद कुठून येणार?

सरपंच देविदास सत्यशीलाच्या घरी आला. "वहिनी, म्हाताऱ्याला समजावा. काम परत गेलं तर पुन्हा येणार न्हाई."

"भाऊ, त्या खोलीत तीस लेकरं बसणार. मला आठ दिवस द्या. मी दाखवते."

"आन् न्हाई दाखवलं तर?"

"मग मीच नारळ फोडते."

दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांना घेऊन ओढ्यावर गेली. मसाजींनी काठीनं भुयाराच्या तोंडाची जागा दाखवली. तिथं बेशरमीच्या झुडपांचं रान माजलं होतं. सत्यशीला आणि तिचा नवरा शिवहार तीन दिवस खणत होते. पहिल्या दोन जागी नुसतीच माती लागली. शिवहार वैतागला.

"बाबाला आठवत नसंल. काहून जीव काढून राहिली?"

"माती वाहिलेल्या माणसाला वाट आठवती," ती म्हणाली आणि तिसरीकडं कुदळ मारली. दुपारी कुदळीखालची माती आत घसरली आणि काळं भोक दिसलं.

आतली हवा खेळावी म्हणून दोन दिवस तोंड उघडं ठेवलं. मग तिनं कंदील दोरीनं आत सोडून पाहिला. तो विझला नाही. शिवहार म्हणाला, "मी जातो." पण त्याचे खांदे रुंद, त्या भोकात मावेनात. सत्यशीलानं मेंढरांच्या वाड्याचा दोर कमरेला बांधला आणि कंदील पुढं सरकवत ती रांगत आत गेली.

ठरलं असं होतं: दर दहा हातांवर तिनं पहारीच्या बोथट टोकानं भिंतीवर तीनदा ठोकायचं. वर शिवहारनं जमिनीला कान लावून ऐकायचं आणि खुंटी मारायची. आत उकडत होतं. छतातून माती गळायची, तशी ती थांबायची, श्वास रोखायची. परत फिरावं असं दोनदा वाटलं. अंगणवाडीतली लेकरं डोळ्यांपुढं आली आणि ती पुढं सरकली. भिंतीत दिवे ठेवायच्या कोनाड्यांवर काजळी तशीच होती. एका ठिकाणी छत इतकं पातळ झालं होतं, की वरचं बोलणं तिला ऐकू आलं. देविदास विचारत होता, "कुठंवर आल्या?"

तिनं ठोकलं. शिवहारनं खुंटी मारली, ती बरोबर आखलेल्या पायाच्या मधोमध.

ती बाहेर आली तेव्हा केसांपासून नखांपर्यंत पांढरी झाली होती. कोणीच हसलं नाही. देविदासनं खुंट्यांच्या रांगेचा फोटो काढून त्याच दिवशी तालुक्याला पाठवला. साहेब स्वतः आला, आणि खोली शाळेच्या मागं न्यायचं ठरलं.

पण ती रांग दोन घरांखालूनही गेली होती. सत्यशीला त्या दोन्ही घरी जाऊन, खाली पोकळ आहे, दुसरीकडं राहायला जा, असं सांगून आली. एका घरानं ऐकलं. दुसऱ्या घरच्या मिराबाईनं दार लावून घेतलं.

"उद्या परत जाते," ती मसाजींना म्हणाली, "ती ऐकंपर्यंत."