हार्डडिस्कचा सातबारा

दौंडला स्टेशनाबाहेर माझं कंप्युटरचं दुकान होतं तेव्हा माझ्या अंगात मस्ती भरपूर आणि अक्कल बेताची होती. गिऱ्हाइकाला मी छातीठोक सांगायचो, सॉफ्टवेअरच्या बापाची टाप नाही हार्डडिस्कच्या तबकडीला धक्का लावायची. यात खरं किती, ते एका दसऱ्याला कळलं.

रेल्वेतून रिटायर झालेल्या एका चाचांचं जुनं मशीन आतली छोटी बॅटरी संपली म्हणून आलं होतं. त्यात त्यांच्या कब्रस्तानाची यादी होती. तिथल्या कबरी मातीच्या, नावाचा दगड नाही. चाचांनी दोन वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून तिथं फिरवलं आणि कुठल्या रांगेत कोण निजलंय ते लिहून घेतलं. सांगणारे पुढं त्याच रांगांत जाऊन निजले. लिहिलेली वही भिजून गेली, उरली ती मशीनमधली यादी. मागं एकदा चाचा तिची कॉपी फ्लॉपीवर मागायला आले, तर मी "बघू की सावकाश" म्हणून वाटेला लावलं होतं.

दसऱ्याला आमचे आबा कवठ्याहून झेंडूची पाटी घेऊन आले. घरी नांगर पुजतात तसं त्यांनी दुकान पुजलं. चाचांच्या मशीनचं झाकण उघडं होतं. आबांनी ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, ती नेमकी हार्डडिस्कच्या लेबलावर.

मी बॅटरी बदलली, पण मशीन डिस्कची मापं विसरलेलं. डिस्कवर पट्टे किती, एकेका पट्ट्याचे तुकडे किती, हे आकडे आपण भरायचे. आकडे लेबलावर, लेबल कुंकवाखाली. फडकं घेतलं तर आबा म्हणाले, "सणाचं कुंकू आजच पुसतुयास व्हय? उद्याच्याला पूस."

आबांना उलटून बोलायची छाती नव्हती आणि उद्यापर्यंत थांबायचा धीर नव्हता. दुकानात पडलेल्या दुसऱ्या डिस्कचे आकडे दिले ठोकून. फायलींची नावं दिसली, आत नुसता कचरा. मग मी शहाण्यानं दुरुस्तीचा प्रोग्राम लावला. तो विचारत गेला, दुरुस्त करू? मी हो म्हणत गेलो आणि तो डिस्कवर लिहीत गेला.

दुसऱ्या दिवशी कुंकू पुसलं, खरे आकडे भरले आणि यादी आली. तबकडी जिथल्या तिथं होती. सातबारा चुकला म्हणून जमीन हलत नाही. पण चुकीचा सातबारा घेऊन नांगर घातला तर शेजाऱ्याचं उभं पीक जातं, आणि मी तेच करून बसलो होतो. तिसरी रांग अख्खी गेली होती.

चाचांना सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक माझी हाय, चाचा," मी म्हणालो. "कुणाला तरी विचारून परत लिहू."

"इचारणारा मी हाय. सांगणारं कोण ऱ्हायलंय?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाकीच्या रांगा छापून घेतल्या. मग एक कोरा कागद मागितला, वर हातानं 'रांग तिसरी' लिहिलं आणि खाली एकच नाव.

"ही माझी आई. तिची जागा मला पाठ हाय," चाचा म्हणाले. "बाकीच्यांची लेकरं इचारत आली, तर त्यांला आता कुठं उभं करू?"